आईची हिरवी चौकट

आई मंगळवारी गेली. मी चमच्याने तिच्या तोंडात चहा घातला, तो ओठांच्या कडेने बाहेर आला. मी चमचा वाटीत ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने तिचं मनगट धरलं, मग सोडलं. मी भावाला फोन केला.

दुपारी मामेभाऊ, आमचा दादा, आईच्या माहेरून रिह्याहून आला. लावणीचे दिवस होते. तो खाचरातून तसाच निघाला असावा. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. हातातल्या पिशवीत माहेरचं लुगडं होतं. आईच्या अंगावर ते पांघरताना त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिला. नांद्यातल्या आमच्या सोसायटीसमोर अजून दोन-तीन खाचरं शिल्लक आहेत. त्यांच्यामागे नव्या इमारतींचे सांगाडे.

स्मशानातून निघताना त्याने मला बाजूला घेतलं.

"ताई, आत्याला आत्ता सांगायचं न्हाई. डाक्टर म्हनलेत, न्युमोनिया हाय, काय धक्का देऊ नका. उठंल-बसंल, मंग सांगू."

त्याची आत्या म्हणजे माझी मावशी. आईची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती कायमचीच. माझ्या मामाला तिने वाढवलं, मग त्याच्या मुलाला, मग त्या मुलाच्या मुलीला. त्या दिवशी ती पिरंगुटच्या दवाखान्यात होती. मी म्हटलं, बरं.

रिह्याचे सगळे घरी जाऊन न्हाले. मीही न्हाले. आमच्या घरात शॉवर आहे. त्याच्याखाली उभी राहिले तेव्हा दार बंद होतं आणि पाणी नेहमीसारखंच येत होतं.

मावशी बरी होऊन घरी आली. मग लावणी उरकू दे म्हणून थांबलो, मग गणपती आले, मग कापणी. दर वेळी दादाकडे एक कारण असायचं आणि दर वेळी ते कारण खरं असायचं. त्याच्यावर रागावता येत नव्हतं. ज्या बाईने आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्यासमोर जाऊन ते वाक्य उच्चारायचं धैर्य त्याला होत नव्हतं, आणि मलाही झालं नाही.

अडचण होती ती रविवारच्या फोनची.

शेवटची दोन वर्षं आईची वाचा गेलेली होती. ऐकू मात्र सगळं यायचं. मावशीच्या गुडघ्यांनी तिला ओट्याच्या पायऱ्याही उतरू देत नव्हते आणि आई पलंगावर. नांदे आणि रिहे यांच्यात अंतर ते किती, मधे घोटावडे आलं की झालंच. तरी दोघींची भेट होत नव्हती. म्हणून रविवारी, दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला, सुटी असली की, मावशी तिच्या मोबाईलवरून फोन लावायला सांगायची. मी माझा फोन आईच्या कानाशी धरायचे. पलीकडून मावशी बोलत राहायची आणि आई ऐकायची. आई हसली की मी फोनमध्ये सांगायचे, "हसली गं." तेवढ्यावर मावशीचं समाधान व्हायचं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मावशीने फोन लावला. भाचीला काही सुचलं नसावं. माझा फोन वाजला आणि मी तो घेतला. नेहमीसारखा "धर तिच्या कानाला" असा आवाज आला. पलंग रिकामा होता, गादी आम्ही देऊन टाकली होती. मी फोन माझ्या कानाला धरला आणि गप्प बसले.

मावशी बोलू लागली. दवाखान्यातल्या नर्सबद्दल बोलली, शेजारच्या फार्महाऊसवाल्यांनी रस्त्यावर दार घातलं त्याबद्दल बोलली. मग आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारून म्हणाली, "तुला आठवतंय का, आपुन हिरडा येचाया गेल्तो. तू झाडाव चढलीस आन तुला उतरता येईना. मी खाली पदर पसरून हुबी. म्हनलं, टाक उडी. तर म्हनतीस कशी, नगं, तुजा पदर फाटंल."

मी हसले नाही. हसले असते तर आवाज आईचा निघाला नसता.

आईचं माहेरचं नाव मला माहीत होतं, पण ते मी क्वचितच ऐकलं होतं. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्यानंतर आईने आयुष्यभर त्याच नावाला ओ दिली. रेशनकार्डावर तेच, बँकेत तेच, मृत्यूच्या दाखल्यावर तेच. जुनं नाव आजी-आजोबा घ्यायचे, ते गेले. मामा घ्यायचा, तो गेला. उरली मावशी. त्या रविवारी आणि पुढच्या कितीतरी रविवारी ते नाव माझ्या कानात यायचं. मला ओ देता यायची नाही.

वंशवृक्षाचं काम मी त्याच सुमारास सुरू केलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी केली, आयुष्यभर नोंदी केल्या. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. औषधांच्या वेळा संपल्या होत्या. कुटुंबाचा वंशवृक्ष तयार करता येतो अशी एक साइट सापडली. तिथे माणसाची एक चौकट करायची, नाव घालायचं, आई-वडिलांच्या चौकटींशी रेघेने जोडायचं. माणूस हयात असेल तर चौकट हिरवी राहते. मृत्यूची तारीख घातली की राखी होते.

वडिलांकडची माणसं बरीच सापडली. सातबाऱ्याचे जुने उतारे आता घरबसल्या पाहता येतात. मोडीतले काही कागद कुणीकुणी स्कॅन करून ठेवले आहेत, त्यांचं वाचन करून देणारे गट आहेत. एकेक पणजोबा वर चढत गेला. बायका मात्र कुठे नव्हत्या. एखादी असलीच तर विधवा म्हणून, दिराशी वाद झाला तेव्हा. मी पुरुषांच्या शेजारी रिकाम्या चौकटी ठेवत गेले. साइटला रिकामी चौकट आवडत नाही, ती त्यात प्रश्नचिन्ह घालते. काही दिवसांनी पडद्याच्या एका बाजूला नावं आणि दुसऱ्या बाजूला नुसती प्रश्नचिन्हं अशी उतरंड उभी राहिली.

आईची चौकट भरताना माझी चूक झाली, आणि ती बरेच दिवस माझ्या लक्षातही आली नाही. साइट विचारते, लग्नाआधीचं आडनाव काय? ती साइट करणाऱ्यांच्या देशात बाईचं आडनावच बदलत असणार. मी आईचं सासरचं नाव लिहिलं आणि पुढे माहेरचं आडनाव घातलं. अशी बाई कधीच नव्हती. या नावाने तिला रिह्यात कुणी हाक मारली नव्हती आणि हे आडनाव घेऊन ती आमच्या घरात कधी वावरली नव्हती. साइट मात्र इमाने तिचा शोध घेत राहिली. परदेशातल्या जहाजांच्या प्रवासी याद्या, चर्चमधल्या नोंदी चाळून तिने मला कळवलं की अशी व्यक्ती आढळत नाही.

मग मृत्यूची तारीख घातली आणि चौकट राखी झाली. मी उठून चहा ठेवला. सवयीने दोघींचा.

दिवाळीनंतर साइटची मेल आली. तुमच्या वृक्षातल्या एका व्यक्तीशी जुळणारी व्यक्ती दुसऱ्या एका वृक्षात सापडली आहे, पाहून घ्या. मी उघडलं. माझ्या आजोबांचं नाव, आजीचं नाव, त्यांच्याखाली तीन चौकटी. थोरली मुलगी, मुलगा, धाकटी मुलगी. धाकटीच्या चौकटीत ते नाव होतं, रविवारी मी ऐकत होते ते. फोटो होता कुणाच्या तरी लग्नातला, कडेने कापलेला, त्यात आई पानसुपारीच्या तबकाकडे पाहत होती. तिच्या शेजारी नवरा नव्हता. खाली मुलं नव्हती. चौकट हिरवी होती.

खाली प्रश्न होता, या दोन्ही व्यक्ती एकच आहेत का? होय, नाही, नक्की माहीत नाही.

हा वृक्ष भाचीने केलेला होता. ती हिंजवडीला एका कंपनीत आहे, रोज स्कूटीने जाते-येते. मी तिला फोन केला.

"अगं आत्या, तो आजीचा आणि माझा टाइमपास आहे," ती म्हणाली. "ती सांगते, मी टाकते. तिला वाचता येत नाही ना, पण कलर कळतात. हिरवे म्हणजे आहेत, राखी म्हणजे गेले, हे मीच शिकवलं तिला. रोज रात्री जेवल्यावर बघते." मग म्हणाली, "म्हणून तर मी हात नाही लावला तिथे."

"आणि तिचं लग्न, आम्ही मुलं?"

"आजीच नको म्हणाली. दिलेल्या पोरी तिकडच्या, म्हणे. त्यांची माणसं तिकडं लिहितील."

मी कुठल्याच बटणाला हात लावला नाही. ग्रंथालयात एकाच लेखकाची दोन नावं असली की आम्ही एका नावाच्या कार्डावर "पाहा" असं लिहून वाचकाला दुसऱ्या नावाकडे पाठवायचो. ते सोपं होतं. इथे "होय" म्हटलं की दोन्ही चौकटींची एक होणार होती, आणि तिच्याबरोबर तारीखही पलीकडे जाणार होती. रात्री जेवण झाल्यावर, ओसरीवर बसून, मावशीला ते पडद्यावर कळलं असतं. "नाही" म्हणणंही हातून होईना. साइट दर आठवड्याला आठवण करून द्यायची, तुमचं उत्तर बाकी आहे.

आणि दर रविवारी फोन यायचा.

झोडणी होऊन नवा तांदूळ घरात आला तेव्हा दादाने बोलावलं. "ताई, या येकदा. पोतं भरून ठिवलंय." मी सकाळीच निघाले. घोटावड्याच्या पुढे खाचरं मोकळी झाली होती, नुसते खुंट राहिले होते. मधेमधे फार्महाऊसच्या हिरवळी आणि कुंपणं. रस्त्याने जाताना मी ठरवत होते की आज सांगायचं, आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. प्रत्येक वाक्य एखाद्या शोकसभेतल्यासारखं वाटत होतं.

मावशी ओट्यावर उन्हात बसली होती. पाय लांब केलेले, मांडीवर मोबाईल.

"आलीस व्हय? आई कशी हाय?"

"आहे तशीच," मी म्हटलं. हे उत्तर आमचं ठरलेलं होतं. दादा पोत्याचं तोंड शिवत होता, त्याने मान वर केली नाही.

"ये, बस हितं. हे बग." तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. "हा माजा बा. राखी. ही आय. राखी. हा तुजा मामा, ह्यो बी राखी. हे बग मी." तिने बोट टेकवलं तशी सगळी चौकटींची रांग सरकून पडद्याबाहेर गेली. "पळतुया बग! जरा बोट लावाया गेलं की पळतुया."

"आजी, दाबून नको धरूस," भाची आतून येत म्हणाली.

"तुजा आज्जा बी आसाच पळायचा, काम म्हनलं की." मग माझ्याकडे वळून, "चुलत्याला काडून टाकला मी ह्यातनं. बांद कोरला व्हता त्यानं."

"काढला नाही गं आजी, हाइड केलाय फक्त."

"दिसत न्हाई न्हवं? मंग झालं."

दादा हसला. मीही हसले. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर सगळ्यांना एकदम हसू आलं होतं आणि मला वाटलं, आज राहू दे. आजचा दिवस जाऊ दे.

मावशीने रांग परत जागेवर आणून घेतली आणि धाकटीच्या चौकटीवर नजर लावून बसली.

"ही लई वंगाळ दिसतीया," ती म्हणाली.

"फोटो बदलू का?" भाचीने विचारलं.

"फोटूचं न्हाई. येकटी दिसतीया. माज्यावानी." तिने आधी आपल्या चौकटीकडे आणि मग आईच्या चौकटीकडे बोट केलं, या वेळी न टेकवता. "माज्याखाली कुनी न्हाई, ते खरंच हाय. पर हिला काय झालंय? हिला नवरा व्हता, दोन लेकरं हायेत, नातवंडं हायेत. हिला का म्हून आशी ठिवली?"

"तूच म्हणालीस ना, दिलेल्या पोरी तिकडच्या."

"म्हनलं आसंन. चुकलं. आता जोड." ती माझ्याकडे वळली. "तुज्यापाशी तिकडचं समदं हाय म्हनं. नात सांगत व्हती. मंग तिकडची ही आन हितली ही येक कर. आन तुला तिच्याखाली बशीव. कुनाची हायेस तू? कळाया नगं?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. दादाच्या हातातला दाभण थांबला.

"आत्या, हितं रेंज न्हाई," तो म्हणाला. "सांजच्याला वर टेकाडाव जाऊन करंल ती."

"रेंज न्हाई? मगा तुजी लेक पिच्चर बगत व्हती ते काय इस्तवावर लागलं व्हतं?"

"आजी, असं कर," भाची घाईने म्हणाली, "मी इथेच आत्याची नवीन प्रोफाइल ॲड करते. काकांची पण. मर्ज नको करायला, ते कॉम्प्लिकेटेड आहे." मग माझ्या कानाशी येऊन हलकेच, "डेट ब्लँक सोडू. बाकी सगळं होतं त्यात."

ते खरं होतं. सगळं होत होतं त्यात. एकदा बोट टेकलं असतं की मी आईच्या खाली आले असते, भाऊ आला असता, मावशीला जे हवं होतं ते पडद्यावर दिसलं असतं आणि आई त्या घरात हिरवीच राहिली असती. पुढच्या रविवारी फोन आला असता. मावशी असेपर्यंत ती चौकट कुणी बदलली नसती आणि मावशीनंतर कुणाला ती बदलायची आठवण राहिली नसती. ती मुलगी, त्या नावाची, तिथे कायमची हयात राहिली असती, जिच्यासाठी कुणीच रडलं नाही अशी.

मावशी माझ्याकडे पाहत होती. मी रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"मावशी," मी म्हटलं, "तिकडची राखी आहे. दोन्ही एक केल्या की ही पण राखी होईल."

मोबाईल तिच्या हातात होता. कुणी हात लावला नाही तसा थोड्या वेळाने पडदा काळा झाला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अंगणात कोंबड्या सांडलेल्या भाताभोवती फिरत होत्या.

"कवा?" मावशीने विचारलं.

"लावणीत. तू दवाखान्यात होतीस."

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मंग आयतवारी कोन ऐकत व्हतं?"

"मी."

"तू."

"हो."

"हिरड्याच्या झाडाचं?"

"तेही ऐकलं."

तिने मान हलवली. रडली नाही. मला वाटलं होतं ती छाती धरेल, दादाला वाटलं होतं ती कोसळेल; तो दाभण टाकून तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"तू न्हालास?"

दादा खाली पडलेली सुतळी बोटाला गुंडाळू लागला.

"इचारतीया मी. न्हालास का तवा?"

"न्हालो, आत्या."

"ही न्हाली?" वहिनींकडे बोट. "पोरगी न्हाली?"

"व्हय."

"समदं घर न्हालं. आन मी तशीच. दवाखान्यातनं आल्यापून देवाला हात लावतीया, दिवा लावतीया, गनपतीला मोदक वळले मी, मेल्या. भईन गेली आन मी मोदक वळले."

"आत्या, तुजं दुकनं..."

"माजं दुकनं माजं व्हतं. भईन बी माजी व्हती. येक तांब्या पानी न्हाई घातलं कुनी मला."

दादा रडू लागला. एवढा मोठा माणूस, नातवंडं यायच्या वयाचा, ओट्याच्या कडेला बसून तोंडावर उपरणं धरून रडत होता. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि त्याला दूरही केलं नाही. ती वहिनींना म्हणाली, "पानी काड. गार."

वहिनींनी आत जाऊन बंबातलं गरम पाणी बादलीत मिसळलं. मी मावशीला धरून मागच्या न्हाणीत नेलं. तिने बादलीत बोट घातलं, पाणी कोमट आहे हे तिला कळलं. पाटावर बसली, लुगड्यासकट. मी तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतू लागले. पांढरे केस कपाळाला चिकटले. पहिल्या तांब्याला ती शहारली, मग तिने आईला हाक मारली. त्या नावाने, एकदाच, फार मोठ्याने नाही. फोनवर मारायची तशीच.

मी पुढचा तांब्या भरला. माझ्या साडीवर पाणी उडत होतं. आई गेली त्या दिवशी मी एकटीच न्हाले होते. मला तेव्हा रडू आलं नव्हतं, ते आता आलं. मावशीने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "ओत." मी ओतत राहिले.

कोरडं लुगडं नेसून ती परत ओट्यावर आली तेव्हा ऊन भिंतीपर्यंत सरकलं होतं. वहिनींनी चहा दिला. तो तिने बाजूला ठेवला. तिने भाचीला जवळ बोलावलं.

"कर आता येक."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी माझा फोन काढला, ती जुनी मेल शोधली. प्रश्न तिथेच होता. मी "होय" दाबलं. साइटने पुढे विचारलं, दोन नावं आढळतात, मुख्य नाव कोणतं ठेवायचं? मी वाचून दाखवलं.

मावशी विचारात पडली. माझी खात्री होती की ती माहेरचं सांगेल.

"तिकडचं वर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जलम तिकडं काडला तिनं. आन तुजा बाप काय म्हनंल? तांदळात लिवलेलं खोडलं म्हनंल." मग म्हणाली, "आपलं खाली लिव. पर लिव."

मी लिहिलं. त्याच वेळी ती जुनी चूकही माझ्या हातून निघाली. सासरच्या नावापुढचं माहेरचं आडनाव खोडून मी ते ज्याचं त्याच्यापुढे नेलं. भाचीच्या मोबाईलवर चौकट क्षणभर नाहीशी झाली आणि परत आली ती राखी होऊन. तिच्या शेजारी वडील आले, तेही राखी. खाली भाऊ आणि मी, हिरवे. आमच्याखाली आमची मुलं.

मावशीने मोबाईल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"आता कशी घरादाराची दिसतीया," ती म्हणाली आणि चहा घेतला. तो गार झाला होता.

निघताना दादाने पोतं गाडीत ठेवलं. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, बरं झालं." मावशी तीन दिवस देवाच्या खोलीत गेली नाही, असं भाचीने नंतर कळवलं. चौथ्या दिवशी तिने देव घासून घेतले आणि चुलत्याचं नाव परत दाखवायला सांगितलं. का, ते तिने सांगितलं नाही.

रविवारचा फोन अजून येतो. आता मावशी माझ्याशीच बोलते. आईविषयी बोलते तेव्हा "तू" म्हणत नाही, "ती" म्हणते. हिरड्याच्या झाडाची गोष्ट तिने मला पुन्हा सांगितली. शेवट मला माहीत नव्हता. आईने उडी मारलीच नाही. संध्याकाळी आजोबा शिडी घेऊन आले आणि तोपर्यंत मावशी पदर पसरून खाली उभी होती.

आमच्या वृक्षात आईच्या राखी चौकटीत दोन नावं आहेत. मावशीची चौकट हिरवी आहे. खालचं नाव घेऊन हाक मारणारी ती एकटी आहे.